मुलांचें आकाश : पडद्यावरचें आणि डोक्यावरचें

लालबागच्या एखाद्या चाळींत रात्रीं मूल गॅलरींत उभें राहतें आणि चार-सहा तारे मोजून घरांत येतें. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र हजारों तारे लखलखत असतात. मग तें विचारतें, खोटें कोण, आकाश कीं पडदा? ज्या श्रोत्यांच्या घरीं असा प्रश्न निघाला असेल, त्यांनीं त्याचें उत्तर पडद्याच्याच साह्यानें द्यावें.

'स्टेलेरियम' हें फाबिएन शेरो या फ्रेंच गृहस्थानें २००० सालीं आरंभिलेलें साधन संगणकावर विनामूल्य मिळतें. शहरांतील दिव्यांच्या उजेडाचें मान कमी-अधिक करण्याची सोय त्यांत आहे. तें मान मुंबईइतकें वाढविलें, कीं पडद्यावरील तारे भराभर नाहींसे होतात आणि गॅलरींतलें आकाश तेथें उमटतें. तारे होतेच, दिवे आड आले होते.

आतां आजीस बोलवावें. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, हें तिला पाठ असतें. पण त्या दिवसांत आकाशांतला मृग तिनें कधीं पाहिला आहे काय? तें शक्यच नाहीं. तेव्हां सूर्य त्याच नक्षत्रांत असतो. म्हणून तें दिवसा उगवतें नि दिवसाच मावळतें. या साधनांत भर दुपारचें वातावरण काढून टाकतां येतें. मग सूर्याजवळ मृग दिसूं लागतो, आणि पंचांगांतील एका ओळीचा अर्थ नातवाबरोबर आजीसही उमगतो. जानेवारींत संध्याकाळीं तोच मृग पूर्वेस प्रत्यक्ष भेटतो. त्यांतील ठळक तारे मुंबईच्या दिव्यांसही दाद देत नाहींत.

नासाचें 'स्पेस प्लेस' हें मुलांचें संकेतस्थळ उत्तम, पण भाषा परकी. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाचीं मराठी पुस्तकें फुकट आहेत. तीं शेजारीं बसून वाचावीं. यंत्र मुलाच्या हातीं देऊन मोकळें होऊं नये.

एका प्रयोगास तर पडदाही नको. मुंबई १९ अक्षांशावर असल्यामुळें १५ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशीं दुपारीं १२ वाजून ३५ मिनिटांनीं गिरगांवांतल्या चाळीच्या चौकांत उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली त्याच्या बुडाखालीं दडते. बाराच्या ठोक्यालाच कां नाहीं? कारण आपलें घड्याळ ८२॥ रेखांशाचें आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेस. १९५५ पर्यंत या शहरांत चाललेली जुनी 'मुंबई वेळ' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें होती, ती याचमुळें. हा योग जुलैअखेर पुन्हा येतो, पण तेव्हां सूर्य ढगांआड असण्याचाच संभव फार. मेमधला दिवस साधावा. शाळेसही सुट्टीच असते.