आलेल्या माणसाला गाव कधी मिळतं?

(वलवण येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



दुसऱ्या देशातून नव्याने आलेल्या माणसांना वसवण्यासाठी सरकारने काय करावं, हा आजचा विषय. बातम्या जर्मनीच्या, कॅनडाच्या येतात, म्हणून हा प्रश्न तिकडचा आहे असं आपल्याला वाटतं. पण महाराष्ट्राने हे काम स्वतः केलेलं आहे. इथून पुण्याच्या लोकलने निघालं की पिंपरी स्टेशन लागतं. तिथला पिंपरी कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांसाठी उभा राहिला. रोज शेकडो लोक त्या स्टेशनावरून जातात. ‘कॅम्प’ हा शब्द तिथे का आहे, हे मात्र नव्या पिढीला ठाऊक असेलच असं नाही.

मला सुरुवात करायची आहे ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापासून. त्या एकाच छावणीत, पाच-सहा वर्षांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या देशांतून उठून आलेली माणसं राहिली. सरकारी मदत म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्या राज्यात याहून चांगली जागा नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केलं. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० पासून आगगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशिया आणि लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर बायका-मुलं १९४२ मध्ये इराणला पोहोचली. त्यांतली काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. त्यानंतर १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी वसाहत झाली. तिथे सुमारे पाच हजार माणसं होती, बहुतेक स्त्रिया आणि मुलं.

वळिवड्याला नुसत्या बरॅकी नव्हत्या. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, वाचनालय होतं, नाटकं होत होती, मुलांची स्काउट पथकं होती. उपाशीपोटी, आजारी अवस्थेत निघालेली मुलं इथे धष्टपुष्ट झाली, पोलिश भाषेत परीक्षा देऊ लागली. कोल्हापूरकरांनी त्यांना आपलं मानलं, बाजारपेठेत त्यांचं येणंजाणं झालं. त्या ऋणाची आठवण म्हणून कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. एका संस्थानाने आणि एका शहराने केलेली ही माणुसकी आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

तरीही एक गोष्ट नीट पाहायला हवी. या माणसांना वळिवड्यात सगळं मिळालं, पण उद्या कुठे राहायचं हे ठरलेलं नव्हतं. खर्च प्रामुख्याने लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सामधल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची मान्यता गेली. वळिवड्यातल्या बाईच्या हातातल्या कागदामागे उभं राहणारं सरकारच राहिलं नाही. तिचं गाव तर सीमा सरकल्यामुळे सोव्हिएत संघात गेलेलं. पोट भरलेलं, डोक्यावर छप्पर, मूल शाळेत, आणि तरी ती कुठलीच नव्हती.

हा प्रश्न सुटला तो कायद्याने. ब्रिटनच्या पार्लमेंटने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केला. त्या कायद्याने मदतीची वाटणी केली. राहण्याची सोय एका खात्याकडे, रोजगार मजूर खात्याकडे, शिक्षणासाठी वेगळी समिती, आरोग्य आणि निवृत्तिवेतन यांची जबाबदारी ठरलेली. आंदर्स यांच्या सैनिकांची कुटुंबं या वाटेने वळिवड्याहून ब्रिटनला गेली. काही ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला गेली, काही पोलंडला परतली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

आणि त्याच बरॅकींमध्ये सिंधी कुटुंबं आली. आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे दुकानदार कापडाच्या घाऊक खरेदीला जातात तेच हे गांधीनगर.

एकच जागा, त्याच भिंती, तरी परिणाम एवढा वेगळा का? सिंधी माणसं अधिक कष्टाळू होती, असं उत्तर आपण पटकन देतो. ते अन्यायाचं आहे. पोलिश बायकाही काम करत होत्या, शिवत होत्या, विणत होत्या, शिकवत होत्या. फरक एवढाच होता की वळिवड्याच्या पोलिश माणसाला सांभाळायचं होतं आणि सिंधी माणसाला वसवायचं होतं. एकाच्या मुक्कामाला शेवट होता, दुसऱ्याला तिथेच मुळं धरायची होती.

फाळणीने आलेल्या माणसांचा आकडा पाहा. १९५१ च्या जनगणनेत भारतातल्या विस्थापितांची संख्या ७३ लाखांच्या आसपास भरली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने यासाठी सप्टेंबर १९४७ मध्ये स्वतंत्र खातं काढलं. क्षितीशचंद्र नियोगी त्याचे पहिले मंत्री. आधी छावण्या आणि शिधा, मग १९४८ मध्ये धंद्यासाठी कर्ज देणारी वित्तीय संस्था, १९५० मध्ये तिकडे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांची नोंदणी करणारा कायदा, १९५४ मध्ये भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा. शिवाय व्यवसाय-प्रशिक्षणाची केंद्रं, आणि एकट्या पडलेल्या स्त्रियांसाठी निवासगृहं आणि उद्योगगृहं.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराने पाच छावण्या बांधल्या होत्या. त्यांच्या बरॅकींत हजारो सिंधी कुटुंबं आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. १९५१ मध्ये तिथली वस्ती ऐंशी हजारांच्या घरात होती. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बरॅकीत अनेक कुटुंबं राहिली. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. याच समाजातल्या शिक्षकांनी मुंबईत १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज उभं केलं.

या कामात उणिवाही होत्या. भरपाई मिळाली ती तिकडे मालमत्ता असलेल्यांना. ज्याचं तिकडे घर नव्हतं, शेत नव्हतं, त्याला दावा लावायला काही नव्हतं. कुळाने, मोलकरणीने, गाडीवानाने पुन्हा शून्यापासूनच सुरुवात केली. जमिनीच्या कागदांचं काम तर अनेक वसाहतींत अर्धवट राहिलं. बरॅकींचे मजले चढले, पण मालकीचे कागद झाले नाहीत. म्हणून पंचाहत्तर वर्षांनंतरही सिंधी वसाहतींच्या जमिनी नियमित करण्याचा प्रश्न मंत्रालयात पुन्हा पुन्हा येतो. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ मध्ये, म्हणजे येऊन वीस वर्षं झाल्यावर. छप्पर आठवड्यात मिळालं. कागद आणि मान यांना दशकं लागली.

आता आपल्याच माणसांकडे वळू. रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातले बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर हे लोक तिकडे जाऊ लागले, पन्नाशी-साठीच्या दशकांत बहुतेक गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांची वस्ती झाली.

इस्रायलची व्यवस्था तेव्हाच्या जगात पुढारलेली होती. आलेल्याला राहायला जागा, आणि हिब्रू शिकवणाऱ्या ‘उलपान’ नावाच्या शाळा. पहिली उलपान १९४९ मध्ये जेरुसलेमला सुरू झाली. साधारण पाच महिने, रोज अर्धा दिवस प्रौढ माणसांनी वर्गात बसून भाषा शिकायची. भाषा आली तर काम मिळतं, दवाखान्यात आपलं दुखणं सांगता येतं, मुलाच्या शाळेत आईला जाता येतं, हे त्या सरकारने ओळखलं होतं.

पण एवढं करूनही आपल्या मराठी माणसांच्या वाट्याला अपमान आला. कातडीच्या रंगावरून, कामाच्या वाटपावरून. १९५१-५२ मध्ये काही जण तेल अवीवमध्ये धरणं धरून बसले आणि आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले. काही कुटुंबं खरोखर परत आली. साठीच्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली. लग्नाआधी पिढ्यान् पिढ्यांची चौकशी होऊ लागली. त्यांनी मोठं आंदोलन केलं. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि धर्मपीठाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. आज तीच माणसं तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवत आली आहेत. हिब्रू शिकून ती त्या देशाची झाली, आणि मराठी जपल्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही.

मित्रहो, वळिवडे, उल्हासनगर आणि दिमोना यांच्यातून मला एकच गोष्ट दिसते. शिधा आणि छप्पर दिल्याने माणूस जगतो. तो वसतो तेव्हा, जेव्हा त्याला काम करण्याची परवानगी असते, त्या जागेची भाषा शिकायची सोय असते, आणि त्याच्या नावाचा असा कागद असतो की जो उद्या कुणी अधिकारी बदलला तरी बदलत नाही. सरकारने नव्या माणसांसाठी किती कोटी खर्च केले हा मोजमापाचा प्रश्न नव्हे. किती वर्षांनी त्याला मदतीची गरज उरली नाही, आणि किती वर्षांनी त्याला ‘आलेला’ म्हणणं थांबलं, हे मोजलं पाहिजे.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे सर्वांना लागू असा एक कायदाही नाही. त्यामुळे कुणाला जमीन मिळते, कुणाला तात्पुरता कागद, कुणाला तोही नाही. त्या त्या वेळच्या सरकारच्या मनावर सगळं चालतं. जामसाहेबांसारखा माणूस गादीवर असेल तर उत्तम, पण निराधाराचं नशीब चांगल्या माणसाच्या योगायोगावर ठेवणं मला मान्य नाही. असा कायदा व्हावा, ही मागणी मी इथून जाहीरपणे करतो.

कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल. आपल्या हातात काय आहे? लोणावळा-वलवणमध्ये, कुसगावात, द्रुतगती मार्गाच्या कामांवर, हॉटेलांत, बंगल्यांच्या बांधकामांवर परराज्यातली कुटुंबं राबतात. ती देशाचे नागरिक आहेत, परदेशी नव्हेत. पण भाषा नवी, गाव नवं, ओळखीचं कुणी नाही, म्हणजे त्यांची अवस्था नव्या देशात आलेल्यासारखीच. २०२० च्या टाळेबंदीत या माणसांवर पायी निघायची वेळ का आली, हे आपण सर्वांनी पाहिलं.

त्यांच्यासाठी कायदे आहेत. शिधापत्रिका गावाकडची असली तरी धान्य इथल्या रास्त भाव दुकानात मिळू शकतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतोय हे पाहणं स्थानिक स्वराज्य संस्थेचं कर्तव्य आहे. म्हणजे नगरपरिषदेचं आणि ग्रामपंचायतींचं. हे हक्क त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारं कुणी नाही, एवढीच अडचण आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. नगरपरिषदेने एक मदत-खिडकी उघडावी, जिथे हिंदीत आणि शक्य तर इतर भाषांत शिधा, शाळा आणि कामगार नोंदणी यांची माहिती मिळेल. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी बांधकामांच्या वस्त्यांवर जाऊन मुलांची यादी करावी. आणि आपल्या वाचनालयांनी संध्याकाळी तासभर मराठी शिकवण्याचे मोफत वर्ग चालवावेत. आपली भाषा दुसऱ्याला यावी असं वाटत असेल, तर ती शिकवण्याची जबाबदारी आपलीच आहे. या तिन्ही कामांना मोठा निधी लागत नाही. निवृत्त शिक्षक या सभागृहातच बसलेले आहेत, आणि या वर्गांसाठी त्यांनी आजच आपली नावं कार्यकर्त्यांकडे द्यावीत, अशी माझी त्यांना विनंती आहे.