हात पोचेल अशी गाडी



गाडी चालवणाऱ्याला इंजिन ठाऊक असतं, ब्रेक ठाऊक असतो. क्लचची आठवण मात्र तो कुरकुरायला लागल्यावरच होते. तसं त्याचं काम मोठं नाजूक. इंजिन सारखं फिरत असतं, चाकं कधी फिरतात, कधी थांबतात. या दोघांना जोडायचं आणि वेळ आली की सोडवायचं, एवढं क्लच करतो. आपण गिअर बदलताना पाय दाबतो तेव्हा दोघं क्षणभर वेगळी होतात. पाय उचलला की पुन्हा एकमेकांना धरतात. ही धरण्याची ताकद असते क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंच्या अस्तरात. ते झिजलं की पकड सुटते. चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मात्र आहे तिथंच. आपले मिस्त्री म्हणतात, ‘क्लच स्लिप होतोय.’

टर्बोच्या गाडीत या प्लेटवर भार जास्त. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटा पंखा फिरवतो आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबली जाते. इंजिन तेवढंच, ताकद जास्त. स्वीडनच्या साब कंपनीची ९०० ही गाडी घ्या. १९७८मध्ये ती आली. तिचं इंजिन १९८५ सीसीचं. साध्या कार्बोरेटरवर त्यातून १०० अश्वशक्ती मिळायची, टर्बो लावल्यावर १४५ आणि पुढे सोळा व्हॉल्व्हच्या टर्बोत १७५. ही सगळी ताकद त्या एका तबकडीतून पुढे जाते. म्हणून टर्बोचा जोर चढतो, नेमकी तेव्हाच झिजलेली प्लेट उघडी पडते.

आता बहुतेक गाड्यांत क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांदीत. म्हणजे प्लेट बदलायची तर आधी गिअरबॉक्स उतरवा. त्यासाठी लिफ्ट हवी, नाहीतर खड्डा हवा, आणि दोन-तीन दणकट माणसं हवीत. वस्तूपेक्षा मजुरी जड होते. गाडी जुनी असेल तर बिल गाडीच्या किमतीच्या वर जातं आणि एका तबकडीपायी धडधाकट गाडी भंगारात निघते.

माझा भाचा गोथेनबर्गला नोकरीला आहे. त्याच्याकडे अशीच एक जुनी टर्बो साब होती. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला तो ऐकून त्याने मला फोन केला. ‘मामू, एवढ्यात दुसरी गाडी येईल.’ मी कला शाखेचा बी.ए., मी काय सल्ला देणार? पण त्याच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘ही आपण घरीच करू.’ आणि एका शनिवारी दोघांनी केली. पुढच्या गोष्टी मला त्या फोटोंवरून आणि त्याच्याशी झालेल्या लांबलचक बोलण्यातून समजल्या.

या गाडीत इंजिन उलटं बसवलेलं आहे. क्लचचं तोंड पुढे, रेडिएटरच्या मागे. गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, आणि क्लचकडून त्याच्यापर्यंत ताकद पोचते साखळीने. त्यामुळे बॉनेट उघडलं की क्लच समोरच. इंजिन उतरवायला नको, गिअरबॉक्सही नको.

आधी बॅटरीची तार सोडवायची. बॉनेट काढून ठेवलं तर हात मोकळे राहतात. टर्बोच्या हवेचा पाइप आड येतो तो बाजूला करायचा, क्लचवरचं झाकण काढायचं. आता दुसरा माणूस लागतो. एकाने सीटवर बसून क्लच दाबून धरायचा, दुसऱ्याने पुढून प्रेशर प्लेटची स्प्रिंग आणि तिचं कव्हर यांच्या फटीत एक कडी सरकवायची. पाय उचलला तरी त्या कडीमुळे स्प्रिंग दबलेलीच राहते. ही कडी म्हणजे सगळ्या कामाची किल्ली. मग मधला दांडा पुढच्या बाजूने ओढून काढायचा. रिलीज बेअरिंगमागच्या सिलिंडरचे बोल्ट सोडायचे. फ्लायव्हील हाताने थोडं थोडं फिरवत प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडायचे. की प्लेट, प्रेशर प्लेट आणि सिलिंडर, तिन्ही एकदम वर उचलून घेता येतात.

नवीन बसवताना हाच क्रम उलटा. नव्या प्रेशर प्लेटची स्प्रिंगही आधी दाबून त्यात कडी घालावी लागते. प्लेट मध्यावर आली की नाही हे तो दांडाच सांगतो. मध्यावर नसेल तर तो आत जातच नाही. एवढं उघडलंच आहे तर बेअरिंग आणि सिलिंडरही नवे घालावेत. जुन्या सिलिंडरचं रबर थकलेलं असतं. शेवटी पाइपांतली हवा काढायची. सरावलेल्या हाताला हे दोन-तीन तासांचं काम. भाच्याचा अख्खा दिवस गेला, पण संध्याकाळी तो त्याच गाडीतून शेजाऱ्यांना घेऊन जेवायला गेला.

दोन-तीन गोष्टी मात्र जपायला हव्यात. टर्बो फार तापतो, गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय हात घालू नये. जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून आतली धूळ फुंकू नये, हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. क्लचचं तेल म्हणजे ब्रेकचंच तेल. ते रंगावर सांडलं तर रंग जातो. आणि दोन्हींची टाकी एकच असल्यामुळे हवा काढताना ती रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर ब्रेकमध्येही हवा शिरते. काम झाल्यावर रस्त्यावर येण्याआधी जागच्या जागीच क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून पाहावेत.

श्रोतेहो, ही गाडी काढणाऱ्यांनी केवळ दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून तशी रचना केली, असं मी म्हणणार नाही. पण फळ मात्र ते मिळालं. साब कंपनीने २०११च्या डिसेंबरात दिवाळं जाहीर केलं. कंपनी गेली, तरी तिच्या कितीतरी गाड्या घराघरांतल्या हातांनी चालत्या ठेवल्या. ज्या वस्तूपर्यंत हात पोचतो ती वस्तू तिच्या कारखान्यापेक्षा जास्त जगू शकते.

आपल्याकडे ही हातांची विद्या काही नवी नाही. गॅरेजात दहा-बारा वर्षं पाना धरलेला उस्ताद आवाजावरून दुखणं सांगतो. पण आता नवी गाडी आली की तो म्हणतो, ‘हिला संगणक लावावा लागतो, तो कंपनीकडेच आहे.’ त्याचे हात आहेत तसेच आहेत. दार बंद झालंय ते पलीकडून. २०२२मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं तिच्यापुढे होती. माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि अवजारं ग्राहकाला व गल्लीतल्या कारागिराला मिळावीत, असा त्यामागचा विचार. तो कागदावरून उतरून आपल्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत यायला हवा.

प्रत्येकाने घरी क्लच बदलावा असं माझं म्हणणं नाही. सगळ्यांना ते जमणार नाही, जमायचं कारणही नाही. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडून पाहण्याची मोकळीक आपल्याला असावी. आणि ज्याला उघडता येतं, त्याची रोजीरोटी एखाद्या कुलपापायी जाऊ नये. पुढची गाडी घ्याल तेव्हा रंग, ॲव्हरेज आणि हप्ता विचाराल, ते विचाराच. त्याबरोबर एवढंही विचारा, ‘ही बिघडली तर कोण कोण दुरुस्त करू शकेल?’