पंगतीतील विषबाधा आणि हातावरचा जंतू

पंगत उठून दोन-चार तास होत नाहीत तोच मुलांना मळमळू लागते, उलट्या सुरू होतात आणि गावात एकच बोलवा उठते, भाजीत पाल पडली असावी. पाल सापडो वा न सापडो, दोष तिच्याच माथी जातो. कधी कोणी विष कालवल्याचा संशय घेतला जातो व त्यातून माणसामाणसांत तेढ वाढते. जेवणानंतर इतक्या लवकर उलट्या सुरू झाल्या असता ज्याची चौकशी प्रथम व्हावयास हवी, त्या संशयितांपैकी एक डोळ्यांना दिसत नाही. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, या विषबाधेस आवर घालणे दवाखान्यापेक्षा स्वयंपाकघरात अधिक साधते.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतूंचे पुंजके दिसले. १८८२ मध्ये त्यांनी या जंतूस घडाच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. १८८४ मध्ये जर्मन वैद्य रोझेनबाख यांनी त्यातील सोनेरी वसाहती करणारी जात वेगळी ओळखली. मनुष्यास अधिक उपद्रव होतो तो हिचाच. एका मिलिमीटरात असे सुमारे हजार जंतू ओळीने मावतील.

हा जंतू बाहेरून चाल करून येणारा शत्रू नव्हे. साधारणपणे तीन माणसांपैकी एकाच्या नाकपुड्यांत तो मुक्कामाला असतो आणि त्या माणसास त्याची वार्ताही नसते. नाकातून तो बोटावर येतो. कातडीला चीर पडली की आत शिरतो. गळू, केसतूड, नखुर्डे, रांजणवाडी ही त्याची नित्याची कामे. क्वचित तो रक्तात उतरून हाडे, फुप्फुसे वा हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो व तेथे प्राणावर बेतते. गाईम्हशींच्या कासेच्या दाहातही त्याचा हात असतो.

अन्नात मात्र त्याची रीत निराळी आहे. कोमट अन्नात तो वाढतो आणि वाढताना विष सोडतो. अनुकूल उष्णतेत सुमारे अर्ध्या तासात एकाचे दोन होतात; म्हणजे सहा तासांत एकाचे चार हजारांवर. पुन्हा उकळी आणल्यास जंतू मरतो, परंतु त्याने सोडलेले विष अर्धा तास उकळूनही पुरते नाहीसे होत नाही. ‘पुन्हा गरम केले होते’ ही सबब येथे फोल ठरते. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिपाइन्समधील बार्बर यांच्या प्रयोगाने हेच दाखविले. दिसावयास निरोगी असलेल्या एका गाईचे ताजे दूध बाधत नव्हते. तेच काही तास उघड्या हवेच्या उष्णतेत राहिले की ते पिणाऱ्यास उलट्या होत. बार्बर यांनी स्वतः ते पिऊन पाहिले! या शोधाकडे पुढे कित्येक वर्षे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

शाळेत मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घेण्याचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. परंतु या विषाने अन्नाची चव वा वास बदलत नाही, आणि लक्षणे एक ते सहा तासांनी दिसतात. तेव्हा चव पाहण्याआधी हात पाहणे अगत्याचे. उकडलेले बटाटे वा अंडी सोलणे, पेढे वळणे, शिजलेल्या अन्नात हात घालून कालवणे, हे खरे धोक्याचे क्षण. अन्न शिजवून लगेच वाढावे, नाही तर वाफाळते ठेवावे. सकाळचे पातेले दुपारपर्यंत कोमट राहता कामा नये. खारट आणि गोड पदार्थांत अनेक जंतू टिकाव धरीत नाहीत, हा मात्र धरतो.

स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या बोटाला पू झाला असेल, तर शिजलेल्या अन्नाला तिचा हात लागू नये. येथे समितीची कसोटी लागते. त्या दिवसाचे मानधन कापले जाईल अशी धास्ती असेल तर ती बोटाची चिंधी पदराआड लपवील, आणि त्यात नवल काय? तिला त्या दिवशी सरपण, पाणी किंवा हजेरीचे काम द्यावे आणि पैसे पुरते द्यावेत.

विष अन्नातच तयार होऊन आलेले असल्यामुळे या उलट्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. तोंडाने राहील तेवढे जलसंजीवनीचे पाणी घोटाघोटाने द्यावे. लहान मूल मलूल दिसू लागले तर विलंब न लावता आरोग्य केंद्रात न्यावे. बहुतेक रुग्ण एका दिवसात सावरतात. औषधाची गोळी उगाच मागणे दुसऱ्या बाजूने महाग पडते. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये याच जंतूच्या बशीवर लागला आणि दोन दशकांच्या आत त्याला न जुमानणारे वाण रुग्णालयांत पसरले. मेथिसिलिन १९५९ मध्ये आले. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारा जंतू इंग्लंडमध्ये नोंदला गेला.

विषबाधा झालीच तर पातेली घासून टाकण्याची घाई होते, आणि पुरावा मोरीतून वाहून जातो. उरलेले अन्न झाकून थंड जागी ठेवावे. अन्न केव्हा शिजले, केव्हा वाढले, कोणी काय खाल्ले, पहिली उलटी किती वाजता झाली, हे शिक्षकाने त्याच वेळी वहीत लिहावे. आरोग्य अधिकारी येतील तेव्हा ती वही त्यांच्या हाती द्यावी.