डोक्यावरचे लाकूड



रामघाटाकडे उतरताना आपली नजर पायऱ्यांवर, शिप्रेवर, कळसांवर असते. वाटेवरच्या जुन्या घरांची छपरे कोण पाहतो? राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधले, हे आपण मुलांना सांगतो. पण दक्षिणेतून आलेल्या साध्या कारकुनांनी, भिक्षुकांनी इथे जी घरे बांधली त्यांचा शिलालेख नाही. जे काही आहे ते सागाच्या खांबा-तुळयांत.

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी ही छपरे मोजतो. साहित्य साधे: फीत, ओळंबा, बॅटरी, खडू आणि चौकटींची वही. प्रथम खण मोजायचे. घराचा आकार आपल्याकडे खणांतच सांगत. मग प्रत्येक खांबाला खडूने क्रमांक, तोच नकाशावर, तोच छायाचित्रात. तळखड्यावर खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलचन; उतरते छप्पर असेल तर आढे नि वासे. सांध्यांची चित्रे वेगळी काढायची, कारण कुसू खाचेत कोणत्या बाजूने शिरले हे पाहिले की कोणते लाकूड आधी बसले ते उमगते. रिकामी खाच दिसली तर थांबावेच. एक तर ते लाकूड पूर्वी दुसऱ्या घरात होते, नाहीतर या घराचा एखादा भाग कधीतरी पडला आहे. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक मात्र टोचून पाहावे. मधले लाकूड खणखणीत आणि टोक ओलीने कुजलेले, हे नेहमीचे. (मालक थाप मारून दाखवतात ती नेमकी मधल्या भागावर!)

एवढा खटाटोप कशासाठी? इंदूरच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी. १९८४ च्या आगीत दर्शनी भाग तेवढा वाचला. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे ओकचे छप्पर जळाले. पण २०१४ मध्येच दोन वास्तुविशारदांनी ते तपशीलवार मोजून ठेवले होते. त्या नकाशांचा आधार घेऊन सुतारांनी ते पुन्हा घडवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले.

आपल्याकडे आगीची वाट पाहायला नको. २०२८ च्या सिंहस्थासाठी गावात रस्ते रुंद होत आहेत. त्याला आमचा विरोध नाही. घर पाडावे की ठेवावे हा मालकाचा प्रश्न. मात्र छप्पर उतरवण्याआधी आम्हाला एक दिवस द्या. तुळया एकदा जुन्या लाकडाच्या बाजारात गेल्या की कोणती कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही. मोजणीची एक प्रत घरमालकाकडे राहील.

दसऱ्यानंतर पुढची तीन घरे घेणार आहोत. शिडी धरायला निदान दोन तरुण हवेत.