मुंबई ते मद्रास, मुक्काम बेल्लारी

मुंबई ते चेन्नई हवाई अंतर सुमारे १०३० किलोमीटर. आजचं जेट विमान ते साधारण दोन तासांत कापतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी मात्र गोष्ट वेगळी होती. लंडनहून कराचीला आलेलं टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानातून एकटेच निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे आले ते चक्क बैलगाडीतून! जुहूला उतरल्यावर टपाल पुढे नेलं टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. त्या मार्गावर रात्री विमान उतरवण्याची सोय नव्हती, म्हणून बेल्लारीला मुक्काम पडला. केवढं धाडस हे! दुसऱ्या दिवशी टपालाच्या थैल्या मद्रासला पोचल्या आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली.