धाप म्हणजे म्हातारपण नव्हे

(भोसरी-चाकण भागातील महिला मंडळांपुढे केलेले भाषण)



“वय झालं, धाप लागायचीच” असं आपण सासूला, आईला आणि शेवटी स्वतःलाही सांगतो. पण चार पायऱ्यांत दम लागणं, पावलांवर सूज, आडवं झाल्यावर श्वास कोंडून उशा वाढवाव्या लागणं, ही थकलेल्या हृदयाची लक्षणं असू शकतात. डॉक्टर याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. यात हृदय बंद पडत नाही; शरीराला लागेल तितकं रक्त त्याच्याकडून पुढे जात नाही आणि अंगात पाणी साठतं.

बहुतेकींच्या बाबतीत यामागे जुना रक्तदाब, मधुमेह किंवा हार्ट अ‍ॅटॅक असतो. काहींच्या हृदयाच्या झडपा लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेल्या असतात. वेळेवर मिळालेलं पेनिसिलिन त्या वाचवू शकतं. ते बनवणारा सरकारी कारखाना १९५४ साली आपल्या पिंपरीतच स्थापन झाला. पण तापलेल्या मुलीला दवाखान्यात न्यायलाच उशीर झाला, तर शेजारच्या कारखान्याचा काय उपयोग?

आता उपाय. दिवसाचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी. लोणचं, पापड, सुकट, फरसाण त्यातच धरायचं. पण आजीची अळणी भाजी वेगळी कोण करणार? म्हणून साऱ्या घरानेच मीठ कमी करावं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर लगेच दवाखाना गाठा. पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच. झेपेल तेवढं चाला. मशेरी सोडा. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. त्यांतल्या कित्येक गोळ्यांनी अंगात पाणी साठतं.

आणि एक गोष्ट, जी बायका डॉक्टरांनाही सांगत नाहीत. अंगातलं पाणी काढायची गोळी घेतली की पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागतं. बाजारात भाजी विकणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई जाणार कुठे? मग ती गोळीच चुकवते. मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेता येते. पण दोष तिचा नाही. मुंबईच्या बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहीम चालवून स्वच्छ, मोफत मुताऱ्या मागितल्या. आपल्या बाजारांत त्या मागणं हासुद्धा औषधोपचारच आहे.

मंडळात वर्गणी काढून एक वजनकाटा घ्या. आणि आज घरी गेल्यावर थोरल्या बाईला एवढंच विचारा: “रात्री किती उशा लागतात?”