पेन ड्राइव्ह दिसत नाही? आधी हात थांबवा

आपल्या बचत गटाचे हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही असतात. कर्जाचे हप्ते, बैठकीचं इतिवृत्त पेन ड्राइव्हवर घेऊन आपण तालुक्याला जातो. आणि नेमका तिथे तो कॉम्प्युटरला दिसतच नाही. कधी पडद्यावर इंग्रजीत विचारणा होते, ‘फॉरमॅट करायचं का?’ अशा वेळी काय करायचं, ते आज बघू.

सगळ्यात आधी, फॉरमॅटला हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. तिथे ‘कॅन्सल’ दाबा. पेन ड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणजे आतलं सगळं गेलंच असं नसतं.

आता थोडं समजून घेऊ. साध्या पेन ड्राइव्हच्या तोंडात चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. म्हणून दिवा लागला तरी बोलणं चालू आहे असं समजू नये. मोबाइलचंही तसंच. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून फोटो जात नाहीत. केबल बदला, आणि मोबाइलवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा.

आता क्रमाने तपासायचं. पेन ड्राइव्ह काढा, तोंडात धूळ आहे का पाहा, आणि दुसऱ्या खाचेत लावा. मोठा कॉम्प्युटर असेल तर मागच्या बाजूची खाच वापरा. तरी नाही दिसला, तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे दिसला, तर दोष पहिल्या कॉम्प्युटरचा. कुठेच दिसला नाही, तर पेन ड्राइव्हचा. दिसला, की दुसरं काहीही करण्याआधी आपल्या फाइली उतरवून घ्या.

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क असेल तर वीज कमी पडते का ते बघा. यूएसबी २.० च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, ३.० मधून ९००. एका खाचेच्या चार करणाऱ्या जोडणीवर डिस्क लावली तर वीज वाटली जाते. म्हणून ती आखूड केबलने थेट कॉम्प्युटरला जोडा. तरीही आतून टकटक आवाज येत राहिला तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं तर नुकसान वाढतं. तिला जाणकाराकडेच न्या.

कधी कधी सगळं ठीक असतं, फक्त कॉम्प्युटरने त्या डिस्कला अक्षर दिलेलं नसतं. विंडोजमध्ये ‘स्टार्ट’वर उजवं बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे डिस्क दिसली, पण अक्षर नसेल, तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून अक्षर देता येतं. तिथेही ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइझ’ला हात लावायचा नाही. खात्री नसेल तर जाणकार ताईला शेजारी बसवा.

काम झालं की पेन ड्राइव्ह ओढून काढू नका. पडद्यावर काम संपलेलं दिसलं तरी आत लिहिणं चालू असू शकतं. ‘इजेक्ट’ करा, मगच काढा.

आणि एक. गटाच्या पैशाला आपण तीन सह्या घेतो, मग हिशेबाची नक्कल एकच का? एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी, दुसऱ्या ताईकडे ठेवा. पुढच्या बैठकीत हे काम कोणाकडे, ते ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. वही मात्र सोडू नका. तिला ना खाच लागते, ना वीज.